सासूबाईंचा आवाज, कंपनीची किल्ली

आमचे हे हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे. काम संपलं की हत्यारं मोजायची, यादीवर सही करायची, मगच घरी यायचं. निवृत्तीनंतर आम्ही इथेच उत्तरेत, विमानतळाजवळच्या एयरोसिटीत राहिलो, तरी सवय सुटली नाही. गॅसची नळी बदलायची तरी आमच्याकडे यादी होते. मला त्याचा वैताग येतो आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटतं.

त्यांच्या फोनला कंपनीने अपडेट देणं बंद केलं. फोन ठणठणीत, पण एकेक ॲप रुसायला लागलं. लेक म्हणाली, कंपनीची सिस्टीम काढून खुली सिस्टीम टाकू, ती लोकांनीच लोकांसाठी केलेली असते.

"बनवणाऱ्यालाच यंत्र कळतं," हे म्हणाले. "त्याच्या पुस्तकाबाहेर जायचं नाही."

लेक इथेच वाढलेली, वाद घालताना हिंदीवर येते. "बाबा, अंदर से तो ये भी ओपन ही था. कंपनी ने ऊपर अपना ताला लगा दिया. फोन आपका है या उनका?"

दोन दिवस धुसफुसले. मग यादी करायला बसले, तेव्हा मी ओळखलं, स्वारी तयार झाली.

नवी सिस्टीम टाकताना फोन पूर्ण पुसला जातो. म्हणून यांनी पुस्तकाप्रमाणे, कंपनीच्याच ॲपने लॅपटॉपवर बॅकअप घेतला: फोटो, नंबर आणि सासूबाईंच्या फोनचं एकुलतं एक रेकॉर्डिंग. त्या जाऊन चार वर्षं झाली. प्रत्येक ओळीपुढे यांची सही.

नव्या सिस्टीमवर फोन झकास सुरू झाला. बॅकअप मात्र उघडेना. तो फक्त कंपनीच्याच सिस्टीमवर उघडतो, हे त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. हे यादी घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. मला असा संताप आला! सासू माझी, मुलगा त्यांचा, आणि किल्ली त्या कंपनीकडे?

शेजारच्या सरदारनींचा फोन त्याच कंपनीचा निघाला. "लो जी, इसमें पूछना क्या," म्हणत त्यांनी तो लेकीच्या हातात दिला. तिने त्यावर बॅकअपमधलं तेवढं एक रेकॉर्डिंग उतरवलं.

हे साताऱ्याहून परत यायला गाडीत बसल्यावर सासूबाईंनी यांना केलेला फोन होता तो.

"सगळं घेतलंस ना रे? काही राहिलं नाही ना?"

"नाही गं आई, यादी केलीय."

हे आधी हसले, मग त्यांना रडू आवरेना. लेकीने तो आवाज कुठल्याही फोनवर वाजेल अशा साध्या फाइलमध्ये काढून दिला. यांनी यादीतली त्या ओळीपुढची जुनी सही खोडली, आवाज पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकला आणि मग नवी सही केली.