भिडेखातर घेतलेला दिवाण

आष्टी-कड्याच्या मित्रांनो, 'आपला माणूस' म्हणून दुकान निवडणाऱ्या आणि त्याच माणसाकडून फसलेल्या सगळ्यांनो!

भाचीच्या लग्नात मामा म्हणून मी झकास भाषण केलं होतं आणि सागवानी दिवाण दिला होता. दुकान नात्यातल्याच माणसाचं. मी फळी उचलून पाहू लागलो, तर तो हसत म्हणाला, "पाव्हणं, घरच्यावर इश्वास न्हाई व्हय?" भिडेखातर मी हात मागे घेतला.

आज भाचीकडे जेवायला गेलो होतो. तिच्या सासूबाई दिवाणावर बसल्या आणि फळी मधोमध मोडली. आत नुसता दाबलेला भुसा, वर सागवानाचा पातळ पापुद्रा!

सासूबाई कंबर चोळत म्हणाल्या, "मामा, तुमच्या भाषणावानीच हाय बगा दिवाण. वरून लई झकास, आतून भुसा." सगळे हसले. भाची मात्र मान खाली घालून भुसा गोळा करत राहिली.

तसाच दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, घेतानाच उलटून का न्हाई बगितलं?"

दिवाण दुसरा येईल. पण माझ्या भिडेचा त्याने धंदा केला, हे मी विसरणार नाही.

मित्रांनो, फर्निचर घेताना पैसे देण्याआधी फळी दुकानातच उलटी करून पाहा. दुकानदार सख्खा मेहुणा असला, तरी पाहा!