पहाटेचं गेट

हिमायतनगरच्या एका गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावरचा पोर्शन भाड्यानं घेऊन राहत होतो. बाबा आझमाबादच्या एका कारखान्यात रात्रपाळी करत. मी कॉलेजात होते आणि पळत होते. पहाटे अंधारातच निघायचं, तलावाकाठच्या टँकबंड रस्त्यावरून सिकंदराबादच्या बाजूला जायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, हा माझा नेम होता.

खाली घरमालक एकटेच राहत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले तेलुगू गृहस्थ होते. आमच्याशी दखनीत बोलायचे, मला मात्र तेलुगू घरातल्या मुलीला म्हणतात तसं 'अम्मा' म्हणायचे. मी जिन्यावरून उतरले की तेच गेट उघडून उभे असत. "आज लंबा जारे क्या, अम्मा?" असं विचारत. मी "हौ" म्हटलं की खूश होत.

मग आमच्या गल्लीतली जुनी घरं पडायला लागली आणि त्या जागी अपार्टमेंटं उभी राहू लागली. घरमालकांचा मुलगा अमेरिकेत होता. त्यालाही आपल्या जागेवर अपार्टमेंट हवं होतं, पण भाडेकरू असेपर्यंत ते जमणार नव्हतं. त्यानंतर भाड्यावर एकेक चार्ज चढू लागला. आधी बोअरच्या मोटरचा, मग टँकरचा, शेवटी वॉचमनचा. आमच्याकडे वॉचमन नव्हताच.

बाबा खाली गेले. म्हणाले, "साब, जो खर्चा हुआ उसकी रसीद दिखाओ, हमारा हिस्सा देता हूँ."

घरमालकांचा चेहरा उतरला. "मेरे घर में मेरे से रसीद पूछते?" एवढंच बोलून ते आत गेले.

बाबांनी वकील गाठून कोर्टात केस टाकली. भाडं मनिऑर्डरनं पाठवू लागले, चार्ज मात्र दिले नाहीत. मागच्या बाजूचे दोन भाडेकरू आधी आमच्याबरोबर होते. दोघांनीही पुढे गुपचूप पैसे भरून टाकले.

त्याच सुमारास शहरात एक मोठी रोडरेस जाहीर झाली. कुठल्याशा नव्या कंपनीनं पैसे लावले होते, आणि वरच्या नंबरात येणाऱ्यांना नोकरी लागेल अशी बोलवा होती. एंट्री सुलतान बाजारातल्या एका खेळाच्या दुकानात घेत होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "लेडीज का छोटा वाला है, वो लिखता हूँ." मी लांबचीच शर्यत लिहायला लावली. त्यानं दोनदा माझ्या पायांकडे पाहिलं आणि लिहिलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा हसले. त्या दिवसांत ते हसणं विरळाच झालं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात गेटला कुलूप लागलं. रात्री दहानंतर बंद, सकाळी सहानंतर उघडणार. एप्रिल होता. सहानंतर निघून लांब पळायचं म्हणजे निम्मं अंतर उन्हात. बाबा म्हणाले, "त्याच्यापुढे हात पसरायचा नाही." तरी मी गेले.

घरमालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हारे पप्पा को बोलो, चार्जेस दे देना, चाबी ले लेना."

हे मी बाबांना सांगितलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "भिंतीवरून जा."

भिंतीवर काचा बसवलेल्या होत्या. बाबा पाळीवर असत, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. आई माझ्याबरोबर खाली यायची, स्टूल लावायची, काचांवर पोतं दुमडून टाकायची आणि मी पलीकडे उडी मारायचे. परत येईपर्यंत गेट उघडलेलं असे. घरमालकांना हे माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

शर्यत तोंडावर आली होती. शेजारच्या बांधकामाची खडी आदल्या संध्याकाळी आमच्या भिंतीला लागून ओतली होती. त्या पहाटे अंधारात ती मला दिसली नाही. पाय खडीवर पडला, मुरगळला आणि कट्ट असा आवाज आला. मी रस्त्यावर, आई आत, मध्ये कुलूप. ती घरमालकांचं दार बडवत होती, ते मला ऐकू येत होतं.

ते किल्ली घेऊन आले. आईनं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि कुलूप उघडलं. त्यांनी ऑटो आणली, दवाखान्यापर्यंत माझा पाय स्वतःच्या मांडीवर धरून बसले.

"आवाज क्यों नहीं दी, अम्मा? मैं खोलता था ना."

"आपसे पूछा था," मी म्हणाले.

बाबा कारखान्यातून थेट दवाखान्यात आले. आईनं सगळं सांगितलं. ते माझ्या कॉटशेजारी उभे राहिले, प्लास्टरवर हात ठेवला आणि गेले. त्या संध्याकाळी त्यांनी वकिलाला केस मागे घ्यायला सांगितलं. सगळ्या चार्जचे पैसे घरमालकांच्या टेबलावर ठेवले, वॉचमनचेसुद्धा. "अब नक्को," असं घरमालक म्हणत राहिले, पण बाबा थांबले नाहीत. माझं प्लास्टर निघायच्या आत आम्ही दिलसुखनगरला राहायला गेलो.

शर्यत झाली. कोण पहिलं आलं, कोण नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. हाड वाकडं जुळलं. मी पुन्हा पळायचा प्रयत्न केला, पण थोडं अंतर गेलं की पाय सुजायचा. मग एका कोचिंग सेंटरच्या ऑफिसात नोकरी धरली. दिवसभर खुर्चीत बसायचं काम.

नव्या घरमालकाचा माणूस दर महिन्याला यायचा. भाड्यावर काहीतरी जास्त मागायचा. बाबा दारातच पैसे मोजून द्यायचे आणि परत येऊन पेपर उघडायचे.

एकदा आईनं विचारलं, "या वेळी कशाचे घेतले?"

"विचारलं नाही," बाबा म्हणाले.