त्या गेममध्ये बाप नाही

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी चहा ठेवायला उठायचो. आमच्या नात्यागोत्यात माझ्या मुलाबद्दल एक गोष्ट आता पक्की होऊन बसली आहे. आई आजारी असताना तिच्याशी खरं बोलायला तो घाबरला, आणि ती गेल्यावर त्याच गोष्टीचा व्हिडिओ गेम करून त्यानं लोकांसमोर मांडला. ही गोष्ट खरी नाही. ती का खरी नाही हे पुरतं ठाऊक असलेला माणूस आता मी एकटा उरलो आहे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. मुलगा पुण्याला, गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत होता. तिथं नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्यांच्या गेममधली झाडं काढतो, बाबा." त्याच्या आईनं शेजारणीला सांगितलं, मुलगा झाडांच्या खात्यात आहे.

पुढं तिचं पोट दुखायला लागलं. सोलापुरातली औषधं झाली, मग बार्शीच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी मला आणि मुलाला बाहेर घेऊन सांगितलं. आजार फार पुढं गेला होता. व्हरांड्यात जेवणाचे डबे घेऊन बसलेल्या माणसांच्या मधे उभं राहून मुलगा म्हणाला, "आईला आजच सांगू या."

"वेडा आहेस का? असलं पेशंटला सांगतात का कुठं?"

"तिचं दुखणं आहे, बाबा. तिला कुणाला भेटायचं असेल, काही बोलायचं असेल."

"धीर सोडेल ती. चार महिने जगायची ती आठ दिवसांत जाईल. चालेल तुला?"

"ती धीर सोडेल हे तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी तिला काही विचारलंय का?"

हे मला लागलं. त्या रागात मी त्याचं मनगट धरलं आणि म्हणालो, "तिच्यासमोर तो शब्द काढलास तर तुला तुझ्या आईच्या गळ्याची शपथ आहे."

मुलगा देवळात जात नाही, उपासतापास मानत नाही. पण आई आत सलाईन लावून पडलेली असताना तिच्या गळ्याची शपथ मोडून बघायची कुणाची छाती होईल? मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच घातली. तो एवढंच म्हणाला, "हे बरोबर नाही केलंत."

तिला आम्ही सांगितलं की आतड्याला जखम आहे, औषधं कडक आहेत, त्यानं केस गळतील पण पुन्हा येतील. बार्शीच्या हॉस्पिटलातल्या बाकावर तिच्या शेजारी बसलेल्या त्याच आजाराच्या बायका आपापसांत काय बोलतात ते तिच्या कानावर पडत नसेल, असं मी धरून चाललो होतो. मुलगा दर शनिवारी यायचा. ती मला कधी काही विचारायची नाही, त्याला विचारायची, "रिपोर्ट काय म्हणतोय रे?" तो खाली बघून म्हणायचा, "बरा आहे." मी दारात उभा असायचो.

आमच्याकडं रोज पाणी येत नाही. असाच एक पाण्याचा दिवस होता आणि मी बाल्कनीत पिंप भरत होतो. ती भिंतीला धरत धरत आली आणि खुर्चीवर बसली.

"मला कॅन्सर आहे," ती म्हणाली. "अहो, नळी बघा, पाणी बाहेर चाललंय."

मी नळी नीट लावली. "कुणी सांगितलं तुला? काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

"राहू द्या. तुमच्यानं हे बोलणं व्हायचं नाही, मी तुमच्याशी बोलणारही नाही. पण त्याला सांगा, आईला कळलंय. दर शनिवारी येतं आणि चोरासारखं बसतं पोरगं. मोकळा बोल म्हणावं माझ्याशी. मीच आपणहून काढलं तर त्याला वाटेल, आपल्या तोंडावरून ओळखलं आईनं. जन्मभर खात राहील ते त्याला."

मी "सांगतो" म्हणालो आणि सांगितलं नाही. ती दोघं बोलायला लागली असती तर तो शब्द माझ्या घरात उच्चारला गेला असता, आणि मग मलाही तिच्यासमोर बसावं लागलं असतं. तिचा धीर सुटेल असं मी सगळ्यांना सांगत होतो. सुटणार होता तो माझा.

दोन शनिवार गेल्यावर तिनं विचारलं, "सांगितलंत का त्याला?"

"सांगितलं."

"मग?"

यावर मी जे बोललो ते आजवर कुणालाही माहीत नाही. मी म्हणालो, "त्याला नाही जमायचं म्हणतोय. तो विषयच नको म्हणाला."

ती काही वेळ चादरीची सुतं ओढत बसली. मग म्हणाली, "असू दे. लहान आहे." तो तेव्हा तिशीला आला होता. त्यानंतर ती त्याच्याशी जेवणाखाण्याचं, पुण्यातल्या खोलीभाड्याचं बोलायची. शेवटच्या शनिवारी मात्र तिनं त्याला जवळ बसवून विचारलं, "तुला काही सांगायचंय का मला?" तो नाही म्हणाला. ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. त्याच आठवड्यात ती गेली.

वर्षभरानं त्यानं नोकरी सोडली आणि एकट्यानं तो गेम केला. त्यात खेळणारा म्हणजे एक मुलगा असतो. शनिवारी गावाहून घरी येतो, जिना चढतो, बूट काढतो. स्वयंपाकघरात आई असते. तिच्याशी बोलायला पडद्यावर तीन वाक्यं येतात आणि त्यातलं एक खरं असतं. ते दाबलं की मुलाच्या तोंडून दुसरंच बाहेर पडतं. 'आई, तुला कॅन्सर आहे' हे दाबलं तर तो म्हणतो, 'आज फार उकडतंय.' कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. शेवटी आई विचारते, 'तुला काही सांगायचंय का मला?' त्यावर दाबायला वाक्यंच येत नाहीत. ती नुसती बघत राहते. खेळणारा गेम बंद करेपर्यंत बघत राहते.

मुलानं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर टॉवेलचा व्यापार करणारे एक मुसलमान गृहस्थ राहतात, माझ्याच वयाचे. त्यांच्या मोबाईलवर कुणीतरी तो गेम घालून दिला होता. ते मला जिन्यातच गाठून म्हणाले, "साहेब, तुमच्या पोराला शाबासकी द्यावी का दोन शिव्या द्याव्यात, कळेना झालंय. पहिल्यांदा खेळलो तर रडलो. बेगम विचारते, धंद्यात बुडालात काय! दुसऱ्यांदा खेळलो तर अशी चीड आली की मोबाईल सोफ्यावर आपटला. अहो, आमच्या अम्मीला आम्हीपण सांगितलं नव्हतं. निदान मोबाईलमध्ये तरी सांगू द्यायचं होतं की!"

लोकांनी गेमखाली काय काय लिहिलं होतं तेही त्यांनी मला वाचून दाखवलं. एका मुलीनं लिहिलं होतं, गेम अर्ध्यात बंद करून मी आईला फोन केला. त्याच्याच खाली एकानं लिहिलं होतं, हा गेमच नाही, बटणं बिघडली आहेत, पैसे परत करा. एकाला चित्रं फार आवडली होती, पण पुन्हा उघडायचं धाडस होत नव्हतं. एकानं लिहिलं होतं, इतका भित्रा मुलगा मी पाहिला नाही, याच्या थोबाडीत मारायचं बटण हवं होतं. त्या शेवटच्या वाक्याला बऱ्याच जणांनी पसंती दिली होती.

त्या वर्षीच्या श्राद्धाला मुलाचा मामा वेळापूरहून आला. त्याच्यापर्यंत हे सगळं पोचलं होतंच. हात धुता धुता तो मुलाला म्हणाला, "लई मोठा झालास की रं भाच्चा. माझ्या भनीच्या मरनाचा खेळ केलास म्हनं. कितीला इकतोस?"

"मामा, तसं नाही ते."

"मग कसं हाय? जिती हुती तवा तिला खरं सांगाया तोंड उघडलं न्हाय, आन् आता साऱ्या दुनियेला सांगत सुटलास. भित्रं ते भित्रंच."

मुलानं माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. त्यात आरोप नव्हता. मी काहीतरी बोलेन एवढीच त्याची अपेक्षा होती. एक वाक्य पुरलं असतं: शपथ मी घातली होती. मी म्हणालो, "चला, पानं वाढलीत. भात निवतोय."

तो त्याच दुपारी पुण्याला गेला.

त्यानंतर मी खालच्या गृहस्थांकडून तो गेम माझ्या मोबाईलवर घालून घेतला. जेवण झाल्यावर खेळायला बसलो. जिना आमचाच होता. ओट्यावरचा शेंगाचटणीचा डबा, फ्रिजच्या दाराला लटकवलेली कापडी पिशवी, तिचा फिकट निळा गाऊन, सगळं आमचंच. मी खरं वाक्य दाबलं. 'आज फार उकडतंय,' मुलगा म्हणाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच काहीतरी. त्या गृहस्थांना आली तशी चीड मला येईना. ती वाक्यं कुणी बदलली होती ते मला माहीत होतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की ज्या दारात मी उभा असायचो तिथं कुणी नाही. सगळ्या घरात मी नव्हतो. माझी चप्पल नव्हती, चष्मा नव्हता. गेमखाली कुणीतरी विचारलंही होतं, या मुलाला वडील नाहीत का? मुलानं उत्तर दिलं होतं, 'आहेत. कामावर गेलेत.' मला तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. जगभरच्या अनोळखी लोकांच्या शिव्या त्यानं स्वतःवर घेतल्या आणि मला घराबाहेर काढून वाचवलं.

शेवटी ती बघायला लागली. गेम अडकला म्हणून लोकांनी तक्रार केली होती ती याच जागी. तो अडकलेला नव्हता. ती वाट बघत होती. मुलानं तिची ती नजर जशीच्या तशी उतरवली होती, पण ती कशाची वाट बघत होती हे त्यालाच माहीत नव्हतं. खेळणाऱ्या सगळ्यांमध्ये ते फक्त मला कळलं. मी मोबाईल उलटा करून ठेवला.

मागच्या वर्षी मी हे सांगायलाच पुण्याला गेलो. मुलगा पुन्हा नोकरीला लागला आहे. स्वतःचं काही करत नाही. सकाळी तो पोहे परतत होता, मी शेजारी उभा होतो. म्हणालो, "तुझ्या गेममध्ये शेवटी आई बघत राहते ना..."

"काढून टाकला मी तो, बाबा. आता कुठं मिळत नाही." मग गॅस बारीक करून तो आपणहून म्हणाला, "एका बाबतीत तुमचंच बरोबर होतं. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला तेवढाच आधार आहे. तिला माहीत असतं आणि तरी मी तसाच गप्प बसलो असतो, तर मला जगता आलं नसतं."

त्यानं माझ्या हातात बशी दिली. "होय ना?" त्यानं विचारलं.

मी "होय" म्हणालो. पोहे खाल्ले. दुपारच्या गाडीनं सोलापूरला परत आलो.

हे छापून आलं तर तो वाचेल आणि त्याचा तो आधार जाईल, हे मला कळतं. न सांगता मेलो तर जन्मभर त्याला भित्रा म्हणतील, हेही कळतं. यातलं कमी वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात जे बोलायला गेलो होतो ते एवढंच होतं. बाळा, तुझ्या आईला सगळं माहीत होतं. तू तिच्याशी मोकळं बोलावंस म्हणून तिनं माझ्याकडं निरोप दिला होता, तो मी तुला दिला नाही. उलट तिला सांगितलं, तुला बोलायचं नाही. तू तसं कधीच म्हणाला नव्हतास. तू बोलशील म्हणून ती थांबली होती, आणि तुझं तोंड मी बांधून ठेवलं होतं. तुझं काही चुकलं नाही. मला माफ कर.