पोपटी साडीवरची सुरकुती

दिवाळीत आईची ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मला आमच्या गावच्या मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतली, ती दुपार आठवते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चिंचेखाली दंडारीचं लोकनाट्य होतं, द्रौपदीच्या वस्त्रहरणाचं. त्यासाठी घरोघरच्या साड्या मागून आणून एकमेकींना गाठी मारत, आणि बायका आपापली साडी कधी निघते ते पाहायलाच पुढे बसत. माझा मामा दुःशासन झाला होता, काजळाच्या मिशा आणि कपाळभर शेंदूर. कापलेल्या धानाचा वास सुटला होता, ढोलकी चढत होती, मामा साड्या ओढत होता आणि म्हाताऱ्या त्याला तोंडभरून शिव्या देत होत्या. तेवढ्यात गाठीमागून पोपटी साडी निघाली. आदल्या दिवशी त्यानेच ती आईला ओवाळणीत घातली होती. आईने ती दंडारीला दिल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. कृष्ण अजून चिंचेआड बिडी पेटवत होता, पण मामा मटकन खाली बसला. दुःशासन थकला असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी तो तोंड धूत असताना आईने विचारलं, "काऊन थांबला रे मधातच?" "तुयी साडी आली ना बाई," मामा म्हणाला, "कौरव शंभर होते, पन त्याहीची बहीन एकच. तिची साडी मधात आली असती, तं दुःशासनबी थांबला असता." आता मामा नाही, आईही नाही. साडी मी दर वर्षी उन्हात घालते, पण इस्त्री फिरवत नाही. पदराच्या टोकाला गाठीची सुरकुती आहे. मामाचे हात तिथे येऊन थांबले होते.