जाझगुलची भरपाई

नारीन शहरातल्या नर्सिंग कॉलेजात सालिमाबाईंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रात्यक्षिकाला खाडा झाला की त्याची भरपाई करायची, तीही बाई सांगतील त्याच दिवशी. भरपाई चुकली तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. मुलं त्यांना रिवाजाप्रमाणे 'एजेके', म्हणजे थोरली बहीण, म्हणत. थोरल्या बहिणीची माया त्यांच्यात कुणाला दिसली असेल तर त्याने मला येऊन सांगावं.

जाझगुल मेंढपाळाची मुलगी, घाटापलीकडच्या गावची, भिडस्त. आई लहानपणीच गेलेली. तिच्या वेण्यासुद्धा बापच घालायचा, घोड्याचा दोर वळावा तशा घट्ट. मेंढ्या व्यायच्या दिवसांत ती त्याच्या मदतीला गेली, ते खाडे तिच्या नावावर होते. शिकून गावच्या दवाखान्यात नर्स व्हायचं, हे बापलेकीचं ठरलेलं होतं.

मे महिन्यात एका सकाळी काकाचा फोन आला.

"जाझगुल, बापाला जरा बरं नाही गं. येऊन जा."

"काय होतंय? त्याच्याकडे द्या ना फोन."

"झोपलाय. तू ये, बाळा."

काका एरवी फोनवर मेंढरं हाकल्यासारखा ओरडायचा. आज आवाज मऊ होता. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर कुणी देत नाही. जरा बरं नाही असं सांगून माणसाला घरी बोलवायचं, आणि मग वडीलधाऱ्यांनी समोर बसवून सांगायचं, अशी रीत आहे. पण माणूस नुसता आजारी असला तरी फोन असाच येतो. जाझगुलने तेवढीच आशा धरली.

बाई शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होत्या.

"एजेके, घरी जायचंय. बाबाला बरं नाही."

"मे महिना लागला की सगळ्यांच्याच बापांना बरं नसतं. डॉक्टरचा कागद आहे?"

"काकाचा फोन होता."

"काका डॉक्टर आहे का?"

शेजारच्या शिक्षिका हसल्या.

"लगेच ये म्हणालेत. काका असं कधी बोलत नाही, एजेके."

"कुणी गेलं असेल तर तसं सांग. त्याला रजा मिळते. आजारपणाला नाही. उद्या आणि परवा तुझी भरपाई लावलीय. चुकली तर परीक्षेचं नाव काढू नकोस."

'गेला' हा शब्द जाझगुलच्या ओठांपर्यंत आला होता. पण वडीलधाऱ्यांच्या आधी आपणच तो उच्चारायचा म्हणजे आपल्याच तोंडाने बापाला मारायचं. कुठली पोर हे करील? आणि बाई काही परमुलखातून आल्या नव्हत्या. त्यांनाही कधीतरी असाच मऊ आवाजाचा फोन आला असेल. त्यांना सगळं कळत होतं असं मला वाटतं, आणि म्हणूनच त्यांचा संताप येतो.

ती थांबली. निघाले तर बाप गेल्याचं आपणच मान्य केलं, आणि थांबले तोवर तो जिवंत आहे, असं काहीतरी तिने मनाशी घेतलं होतं. त्या दिवशीच्या तासाला सरावाच्या रबरी हातावर ती सुया टोचत राहिली. संध्याकाळी पुन्हा काकाचा फोन आला.

"निघालीस का गं?"

"उद्या-परवा भरपाई आहे, काका. संपली की निघते. बाबा कसा आहे?"

काकालाही फोनवर तो शब्द काढता येत नव्हता.

"ये लवकर," एवढंच तो म्हणाला.

दोन दिवसांची भरपाई संपवून ती संध्याकाळी गावात पोचली. वळणावरूनच तिला अंगणात लोकरीच्या जाड नमद्याचा पांढरा तंबू दिसला. घर कितीही मोठं असो, आमच्याकडे मेलेल्या माणसाला तशाच तंबूत ठेवतात. काकाने तिला वडीलधाऱ्यांसमोर बसवलं आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "बाळा, तुझा बाप आपल्यातून गेला."

"कुठंय?"

"सकाळीच नेला. तुझ्यासाठी दोन रात्री ठेवला होता. ऊन तापलं, पोरी. आणखी ठेवता येईना."

बापाच्या उशाशी बसून लेकीने विलापाचं गाणं म्हणायचं असतं. जाझगुल रिकाम्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसली. बायका वाट पाहत होत्या. तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही.

परतल्यावर बाई म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं होतंस. मरणाला रजा असते."

"मला कुणी सांगितलं नव्हतं, एजेके."

बाईंनी चष्मा पुसला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

जाझगुल पास होऊन वरच्या वर्गात गेली. पुढच्या शरदात नव्या मुली आल्या तेव्हा बाईंनी सगळ्या वर्गांना एकत्र बसवून तिला पुढे उभं केलं. "हिच्याकडे बघून शिका. बाप वारला, पण हिने भरपाई चुकवली नाही." मुली तिच्याकडे टक लावून बघू लागल्या. एकीने कौतुकाने मान हलवली.

मग बाईंनी तिचं नाव पुकारलं. नावाच्या मागे बापाचंही नाव होतं.

"हजर," जाझगुल म्हणाली.