इन्शिराह भट्टीवर चढली

आमच्या गावात कोळसा पाडणाऱ्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. धुमसत्या भट्टीला पाठ दाखवायची नाही, आन् खाली उतरलं की तांब्याभर म्हशीचं दूध ढोसायचं. दूध छाती धुऊन काढतं म्हणे. इन्शिराहचा नवरा शाबान तीस वर्षं दूध प्याला. फुप्फुसाचा कॅन्सर कळला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. सातव्या आठवड्याला त्याला माती दिली.

तेव्हापासनं ही बाई दारोदार फिरायची. "खोकला नसतानाच छाती तपासा रं," म्हणायची. आम्ही ज्याला नुसतं 'तो आजार' म्हणतो, त्याचं नाव ती मोठ्यांदा घ्यायची. ती अंगणात आली की बाया पोरांना आत घ्यायच्या.

वर्षभर खेटे घालून तिनं छातीचं स्कॅन करणारी गाडी गावात आणवली. एकच दिवस, तोही तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजापर्यंत. दुपारपर्यंत गाडीत चढला तो एकटा ड्रायव्हर, झोपायला. ज्याच्या घरी लग्नाची पोरगी, तो गाडीपाशी दिसला तरी सोयरीक मोडायची.

त्याच सकाळी भावाचे कपडे धुताना तिला रुमालात रक्त दिसलं होतं. धाकटा बैयूमी भट्टीवर होता. लाकडाच्या ढिगावर भाताचा पेंढा, वर ओली माती. दहा दिवस राखण. एखादी भेग बुजवायची राहिली, की आत सगळी राख.

"उतर खाली, बैयूमी."

"सहावा दिस हाय, आक्का. चार दिसांनी बघू."

"गाडी काय तुझ्या बापाची हाय थांबायला?"

"बाप तुझाबी त्योच की!" तो हसला, आन् हसता हसता खोकत फावड्यावर वाकला.

सावलीत बसलेला भट्टीचा मुकादम, उस्ता गब्र, ओरडला, "नवऱ्याला खाल्लंस, आता भावाला नजर लावू नगं!"

इन्शिराहनं काळा झगा खोचला आन् वर चढली. आमच्या बाया खाली कोळसा चाळतात, पोती भरतात. वर कुणी कधी गेली नव्हती. तिनं फावडं हिसकलं.

"जा. भेगा मी बुजवते. न्हाई गेलास तर ह्याच फावड्यानं भट्टी फोडते."

तो गेला. अर्ध्या तासात परतला, हातात चिठ्ठी.

"गाडीवरची डॉक्टरीण म्हणली, ही गाडी धडधाकट दिसणाऱ्यांसाठी. तुझं रक्त पडतंय, तू आजच शहराच्या इस्पितळात जा. महिन्याआधीच जायचं हुतं, म्हणली." त्यानं हात पुढं केला. "दे फावडं. भट्टी उतरली की जातो."

"शाबानबी हेच म्हणला हुता."

तिचे डोळे धुरानं गळत होते, चपलांचे तळ तापून मऊ पडले होते. पायाशी भेग पडली, तिनं माती फेकली, ती भलतीकडंच.

"आसं न्हाई आक्का, कडंनं—" म्हणत त्यानं भट्टीवर पाय ठेवला. तिनं फावडं त्याच्या छातीवर रोखलं.

"मागं हो. आता वर आलास तर भैन मेली समज."

बैयूमी शहराच्या रस्त्याला लागला. वळून वळून भट्टीकडं बघत होता.

मग ती मुकादमाकडं वळली. "उस्ता, चाळीस वर्षं धूर खाल्लास. तुला खोकला न्हाई ना?"

"कुठला खोकला? दगड हाय छाती."

"मग गाडी तुझीच हाय. अजून येळ हाय. जा, बाबा. पाया पडते."

गब्रनं सिगारेट पेटवली आन् दुसरीकडं बघत बसला. असरची अजान झाली. गाडी रिकामीच गेली.