न पेटलेली बॅटरी

प्यो मीरान आणि मी कोरियातल्या देजॉनच्या प्रयोगशाळेत एकाच दिवशी नोकरीला लागलो. काम एकच, बॅटऱ्या का पेटतात ते शोधायचं. नाव मात्र कायम तिचंच झालं.

यंदा हातात धरायचे छोटे पंखे पेटायला लागले. मी जळका गोळा कोरत बसले, आणि हिने त्याच खेपेतली न पेटलेली बॅटरी मागवून उघडली. आत पातळ पत्र्याचा कोपरा दुमडून मधल्या पडद्यात रुतत होता; पडदा फाटला की आग.

"जळाल्यावर खूण उरते का गं कुठे?" लहान मुलीला समजवावं तसं ती मला म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या शोधावर तिला बढती मिळाली. बढतीच्या जेवणाला टेबलावरच्या शेगडीवर मांस चरचरत होतं. कालपर्यंत जिला 'अगं' म्हणत होते, तिच्या ग्लासात, वरिष्ठांना ओततात तशी दोन्ही हातांनी, सोजू दारू ओतायची पाळी माझ्यावर आली. मी मुद्दाम एकाच हाताने ओतली. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले.

"ओत गं कशीही," मीरान हळूच म्हणाली. "उद्यापासून मी नुसत्या सह्या करायच्या, आणि बॅटऱ्या तू उघडणार. जीव जळतो माझा."

"तुझा? दिसत तर नाही."

"न पेटलेल्या बॅटरीत वरून दिसतं का?"

तिने माझ्या हातातली बाटली घेतली आणि सगळ्यांदेखत, दोन्ही हातांनी, माझा ग्लास भरला.

हेही तिलाच आधी सुचलं.